प्रोव्होलोने: कसब दक्षिणेचं, दूध उत्तरेचं

प्रोव्होलोने हे इटालियन चीज आज मुख्यतः उत्तर इटलीत, पो नदीच्या खोऱ्यात बनतं. जन्म मात्र दक्षिणेतला. काम्पानिया आणि बाझिलिकाताच्या उन्हाळी मुलखात दूध टिकवणं अवघड होतं. तिथले चीजवाले फाटवलेल्या दुधाचा आंबलेला चोथा कढत पाण्यात मळत, लांबलचक ताणत, त्याचे गोळे वळत, मिठाच्या पाण्यात बुडवून दोरीने टांगत. मोझरेला याच घराण्यातलं. ते ताजं खायचं, हे मुरवायचं.

१८६१ मध्ये इटली एक झाली आणि पुढच्या काही दशकांत दक्षिणेतले कारागीर उत्तरेकडे सरकले, कारण कालव्यांचं पाणी, हिरवा चारा आणि गाईचं मुबलक दूध तिकडे होतं. जेन्नारो औरिक्क्यो यांनी १८७७ मध्ये दक्षिणेतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या परिसरात सुरू केलेला चीजचा व्यवसायही पुढे उत्तरेतल्या क्रेमोनात स्थिरावला. भरपूर दूध मिळाल्यावर माणसाएवढे लांब गोळेही टांगले जाऊ लागले. आज याच खोऱ्यातल्या अनेक गोठ्यांत पंजाबातून गेलेली माणसं राबतात, हे आपण आवर्जून लक्षात ठेवावं. १९९६ पासून ‘प्रोव्होलोने व्हालपादाना’ या नावाला युरोपीय संरक्षण आहे, म्हणजे ठरलेल्या भागात बनलेल्या चीजलाच ते लावता येतं.

निवड करताना खरा प्रश्न रेनेटचा, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या पदार्थाचा. वासराच्या रेनेटचं, दोन-तीन महिने मुरलेलं ते ‘दोल्चे’, सौम्य. करडू किंवा कोकराच्या रेनेटमधलं लायपेज हे विकर (एन्झाइम) दुधातली चरबी फोडतं आणि महिनोन्‌महिने मुरत ‘पिक्कान्ते’ची झणझणीत चव तयार होते. माझ्या मते प्रोव्होलोनेची खरी ओळख पिक्कान्तेतच होते. पाकिटातल्या पातळ चकत्यांवरून मत बनवू नये. शाकाहारी असाल तर वेष्टन नीट वाचा, पारंपरिक रेनेट प्राणिजन्यच असतं.

कापलेला तुकडा बटर पेपरमध्ये गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवावा. फ्रीझरमध्ये तो भुसभुशीत होतो. दोल्चे सँडविचमध्ये छान वितळतं. जुनं पिक्कान्ते पास्त्यावर किसावं, किंवा नुसतंच खावं.

इटालियन स्थलांतरितांबरोबर हे चीज अर्जेंटिनात पोहोचलं आणि तिथे ‘प्रोव्होलेता’ झालं: जाड चकती, वर ओरेगानो, खाली निखारे. चकती आधी थोडा वेळ उघडी ठेवून वरून सुकू देतात, म्हणजे बाहेर खरपूस पापुद्रा धरतो आणि चीज निखाऱ्यांत ओघळत नाही.