एकाच फ्लेक्सवर दोन नावं: सीएसआर आणि प्रायोजकत्व

गणेशोत्सव महिन्यावर आला की कंपन्यांच्या गेटवर मंडळांचे कार्यकर्ते पत्र घेऊन उभे राहतात. हल्ली त्या पत्रात एक वाक्य हमखास असतं: 'आपल्या सीएसआर निधीतून सहकार्य करावे, ही विनंती.' सीएसआर म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी, तिच्यासाठी बाजूला काढलेला पैसा. बदल्यात कमानीवर कंपनीचं नाव, मांडवात दोन फ्लेक्स, स्मरणिकेत पानभर जाहिरात. मागणीत काही गैर नाही, पण तिचं नाव चुकलंय. हे प्रायोजकत्व आहे, सीएसआर नव्हे. हीच गल्लत कंपनीच्या बैठकीत, कितीतरी मोठ्या रकमेपायी होते, तेव्हा नुकसान कंपनीचंही होतं आणि संस्थेचंही.

गल्लत होते, कारण वरून दोन्ही सारखंच दिसतं. कंपनी पैसे देते, संस्था काम करते, फोटोत दोघांची बोधचिन्हं शेजारी शेजारी. कंपनीच्या पदरात काय पडतं आणि कधी पडतं, हे विचारलं की वाटा वेगळ्या होतात.

प्रायोजकत्वाचं सरळ उदाहरण 1983 मधलं, अमेरिकेतलं. अमेरिकन एक्सप्रेसने जाहीर केलं, की आमचं कार्ड वापरलंत तर दर वेळी एक सेंट, आणि नवं कार्ड घेतलंत तर एक डॉलर, स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या डागडुजीला जाईल. सुमारे 17 लाख डॉलर जमले आणि कार्डाचा वापर चौथाईहून जास्त वाढला. पुतळ्याला पैसे मिळाले, कंपनीला धंदा मिळाला, ग्राहकाला सगळं आधीच सांगितलेलं होतं. हा चोख व्यवहार आहे. कंपनीचा फायदा लगेच दिसतो, मोजता येतो आणि मोहीम संपली की बहुतेक संपतो.

सीएसआरचं गणित आपल्याकडे कायद्याने बांधलंय. कंपनी कायदा 2013 चं कलम 135 हे 1 एप्रिल 2014 पासून लागू आहे. आदल्या आर्थिक वर्षात नक्त मत्ता (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता) 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये, यांपैकी एक जरी आकडा गाठला, तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के रक्कम समाजकामावर खर्च करावी लागते. जाहिरातीचा लाभ मिळवण्यासाठी केलेलं प्रायोजकत्व यात धरलं जात नाही, हे नियमांतच लिहिलंय. मॅरेथॉन, पुरस्कार सोहळे यांसारखे एकदाच होणारे कार्यक्रम चालणार नाहीत, असं केंद्राच्या परिपत्रकाने जून 2014 मध्येच सांगितलं होतं. कराचा हिशेबही वेगळा. जाहिरातीचा खर्च धंद्याचा खर्च म्हणून नफ्यातून वजा होतो, सीएसआरचा तसा होत नाही.

मग ग्राहक वाढवायचे नाहीत, खर्च वजा होत नाही, तर कंपनीला मिळतं काय? मी संस्थेच्या बाजूने हे काम बरीच वर्षं करतेय. माझं उत्तर दोन शाळांमध्ये आहे.

पहिल्या जिल्हा परिषद शाळेत मुलींचं स्वच्छतागृह होतं, देखणं, टाइल्स लावलेलं. दाराशेजारी कंपनीच्या नावाची पाटी. दाराला कुलूप, तेही गंजलेलं. टाकी छतावर बसवली होती आणि गावच्या नळाचं पाणी तेवढं वर चढतच नव्हतं. कंत्राटदाराने बांधलं, फीत कापली गेली, फोटो निघाले. मुली मधल्या सुट्टीत घरी जायच्या आणि काहीजणी परत यायच्याच नाहीत.

दुसऱ्या शाळेत कंपनीने काम एका स्थानिक संस्थेला दिलं होतं. संस्थेने पहिले दोन महिने एक वीटही रचली नाही. ताई मुलींशी बोलल्या, शाळा व्यवस्थापन समितीसोबत बसल्या. पाणी कुठून येणार, कडी आतून लागते का, साफसफाईचे पैसे कोण देणार, सगळं विचारलं आणि ग्रामपंचायतीचा ठराव घेतला. बांधकाम साधंच झालं. तीन वर्षांनी गेले, तेव्हा मगाला साखळी होती आणि नळाला जाळीच्या पिशवीत साबणाची अर्धी वडी टांगलेली होती. वापर सुरू असल्याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

त्या दोन महिन्यांत कंपनीला जे मिळालं, तो गावाचा विश्वास, ते तिच्या स्वतःच्या माणसांकडे नव्हतं. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये उभी केलेली बाएफ ही शेतकऱ्यांसोबत काम करणारी संस्था घ्या. गोठ्यात जाऊन जनावर तपासणाऱ्या माणसावर शेतकऱ्याचा जो विश्वास बसतो, तो बसायला वर्षं जातात. पुण्या-मुंबईच्या ऑफिसातून तो एका तिमाहीत कमावता येत नाही. अशा संस्थेशी भागीदारी केली, की ती वर्षं कंपनीच्या कामाला येतात.

कायद्याच्या बाजूनेही हेच सोयीचं ठरतं. सीएसआरच्या व्यवस्थापनावर कंपनीला एकूण सीएसआर खर्चाच्या 5 टक्क्यांपर्यंतच खर्च करता येतो, तेवढ्यात चाळीस गावांत स्वतःची माणसं कशी ठेवणार? दिलेला पैसा ठरल्या कामालाच लागला, हे वित्तप्रमुखाला प्रमाणित करावं लागतं. ज्यांचं सीएसआर सरासरी 10 कोटी किंवा त्याहून जास्त असतं, त्यांना 1 कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचा परिणाम बाहेरच्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. त्या तपासणीत कुलूप लावलेलं स्वच्छतागृह कंपनीच्या नावावरच लागतं. नोंदवह्या नीट ठेवणारी, आयकराची 12-ए, 80-जी आणि सीएसआरचा पैसा घेण्यासाठी लागणारी सीएसआर-1 ही नोंदणी असलेली संस्था असेल, तर ही धास्ती बरीच कमी होते.

कर्मचाऱ्यांचं तर मी डोळ्यांनी पाहिलंय. शनिवारी मुलांना गणित शिकवायला येणारी कंपनीची मुलं-मुली आपल्या नोकरीबद्दल वेगळ्याच आपुलकीने बोलतात. त्यांच्या वेळेची किंमत सीएसआर खर्चात धरता येत नाही, तरीही.

खरी अडचण होते ती सीएसआरच्या पैशातून प्रायोजकत्वाचा परतावा मागितल्यावर. मग शाळा हायवेला लागूनच हवी असते, उद्घाटन 31 मार्चच्या आत हवं असतं, आणि आतल्या वस्तीवरची, जास्त गरजेची शाळा राहून जाते. खरं तर मार्चची घाई करायचं कारण नाही. चालू प्रकल्पाचा न खर्चलेला पैसा वर्ष संपल्यावर 30 दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवला, की तो पुढची तीन वर्षं त्याच प्रकल्पावर वापरता येतो.

त्यामुळे करारनामा हाती आला, की मी आधी दोन कलमं शोधते: पाटीचं आणि देखभालीचं. पाटीचा आकार सेंटिमीटरमध्ये दिलेला असेल आणि देखभालीबद्दल एक ओळही नसेल, तर तो कागद मी सही न करता परत पाठवते. सोबत दोन वर्षांच्या साफसफाईचं आणि पाणीपट्टीचं अंदाजपत्रक जोडते. आणि मंडळाच्या मुलांना सांगते, पत्र जरूर द्या, फक्त ते जाहिरात विभागाच्या नावाने लिहा.