पोलंडवर गेलेले पँझर एकरंगी राखाडी नव्हते

इंदुरात 1:35 मापाची रणगाड्यांची मॉडेलं जोडणाऱ्यांत एक समज घट्ट बसला आहे: 1939 साली पोलंडवर गेलेले जर्मन रणगाडे नुसते गडद राखाडी होते. खोक्यावरचं चित्रही तेच सांगतं. चित्रकारानं फोटो पाहिला, हुकूम वाचला नाही.

1937 पासूनचा नियम दोन रंगांचा होता: दोन तृतीयांश गडद राखाडी, एक तृतीयांश गडद तपकिरी. एकरंगी राखाडीचा हुकूम जुलै 1940 चा, म्हणजे फ्रान्स पडल्यानंतरचा. मग फोटोत तपकिरी का दिसत नाही? दोन्ही रंग जवळपास सारखेच काळपट. कृष्णधवल फिल्मवर, त्यात गाडीवर धूळ असली की, फरक पुसलाच जातो.

रंगवताना आधी राखाडी, आरएएल (जर्मन रंगक्रमांक) 7021. तो पुरता वाळला की तपकिरी 7017 चे मोठे, कडा विरलेले डाग. (त्या काळी हे नंबर 46 आणि 45 होते, बाटलीवर नवे शोधा.) दोन्हींत साधारण दहावा भाग पांढरा मिसळा, नाहीतर एवढ्याशा मॉडेलवर सगळं काळंच दिसतं.

एअरब्रशचा (हवेनं रंग फवारणाऱ्या पेनाचा) दाब 1 बारच्या आसपास. मे महिन्यात इथल्या कोरड्या उन्हात ॲक्रिलिक नोझलच्या टोकावरच सुकतं, पृष्ठभाग खरखरीत होतो. रिटार्डरचे (रंग सुकणं लांबवणाऱ्या द्रवाचे) दोन-तीन थेंब घाला किंवा पहाटेच उरका. पावसाळ्यात त्रास उलटा: दमट हवेत लॅकरवर पांढुरकी झाक चढते.

आणि जर्मन रणगाड्यांवर दिसणारा गडद पिवळा? तो फेब्रुवारी 1943 नंतरचा. पोलंडच्या गाडीवर नकोच.