खंड्याचे घरटे आणि एक शांत शब्द

इंग्रजी शब्दकोशात ‘हॅल्सियन’ या विशेषणाचा अर्थ शांत, निवांत, सुखाचा असा दिलेला असतो, आणि पक्ष्यांच्या पुस्तकात हाच शब्द आपल्या खंड्याच्या शास्त्रीय नावात भेटतो : हॅल्सियन स्मिर्नेन्सिस. सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमावर, पांढऱ्या गळ्याचा आणि लालभडक चोचीचा हा पक्षी कर्कश ओरडत जाताना ज्याने पाहिला आहे, त्याला शांततेशी याचा संबंध कसा, असा प्रश्न पडणारच.

मूळ ग्रीक शब्द ‘अल्कुऑन’, म्हणजे खंड्याच. वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या आधीचे 7 आणि नंतरचे 7 असे 14 दिवस हा पक्षी समुद्रावर तरंगत्या घरट्यात अंडी उबवतो आणि तेवढे दिवस वारा पडून राहतो, अशी ग्रीकांची समजूत होती. ‘हाल्स’ म्हणजे समुद्र. त्याच्याशी नाते जोडण्याच्या भरात शब्दाच्या आरंभी ‘ह’ चिकटला. एजियन समुद्रावर भर हिवाळ्यात जास्त दाबाची हवा काही दिवस स्थिरावते आणि वारा खरोखरच पडतो. पण त्यात पक्ष्याचा हात काहीच नाही.

युरोपात वाळवलेला खंड्या घरात टांगत, आणि त्याची चोच वाऱ्याची दिशा दाखवते असे मानत. थॉमस ब्राउन या इंग्रज वैद्याने तो रेशमी धाग्याला टांगून पाहिला. चोच कुठेही वळत होती, आणि 1646 मध्ये त्याने ते छापून टाकले. भाकड समजुतीला वादापेक्षा असा दोराच चांगला पुरतो.

खरे घरटे मात्र समुद्रापासून दूर, मातीत असते. उन्हाळ्यात कृष्णेचे पाणी उतरले की गाळाची उभी दरड उघडी पडते. उभ्या दरडीवर बसायला जागा नसल्याने नर-मादी उडत येऊन चोचीने तिच्यावर आदळतात. असे पुनःपुन्हा करून पाय टेकण्यापुरती खोबण झाली की मग तिथे बसून खोदकाम सुरू होते. पुढची दोन बोटे बऱ्याच लांबीपर्यंत जुळलेली असल्याने पायाचे जणू फावडे होते आणि सुटलेली माती मागे लोटता येते. सुमारे अर्ध्या मीटरच्या बोगद्याच्या टोकाला थोडी रुंद खोली असते, आणि तिथे काडी-पिसांचे अंथरूण न घालता नुसत्या मातीवर 4 ते 7 गोल, पांढरी अंडी ठेवलेली असतात. अंधारात अंडे लपवण्यासाठी ठिपक्यांची गरजच उरत नाही.