हार्डकव्हर संकलनं : काय मिळतं, काय मिळत नाही आणि का

टेबलटॉप रोलप्लेइंगची, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत खेळायच्या खेळांची, पुस्तकं आमच्याकडून मागवणारे ग्राहक हमखास विचारतात, ‘अमक्या कॅम्पेनचं (अनेक भागांत चालणाऱ्या सलग गोष्टीचं) हार्डकव्हर कधी येणार?’ काउंटरवर उभ्या उभ्या याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

पायझो या अमेरिकी प्रकाशकाने ऑगस्ट 2007 मध्ये ‘राइज ऑफ द रूनलॉर्ड्स’ सुरू केलं. पेपरबॅकचे सहा भाग, प्रत्येकी 96 पानं, सगळे मिळून एक सलग कॅम्पेन. 2012 मध्ये त्याचं एकत्र हार्डकव्हर निघालं. पण ते म्हणजे सहा भाग घेऊन वर पुठ्ठा चढवला, असं नव्हतं. मूळ भाग ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या 3.5 आवृत्तीच्या नियमांवर बेतलेले होते. मधल्या काळात, 2009 मध्ये, पायझोच्या ‘पाथफाइंडर’ या खेळाचे स्वतःचे नियम आले. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक राक्षसाच्या ताकदीचे आकडे नव्याने मांडावे लागले, खेळाडूंनी पाच वर्षांत दाखवून दिलेल्या अडचणी दूर कराव्या लागल्या आणि मूळ भागांतल्या ललित कथा गाळाव्या लागल्या. खर्च असतो तो या कामाचा. छपाई त्यामानाने सोपी. ‘कर्स ऑफ द क्रिमझन थ्रोन’ 2008 चं, त्याचं हार्डकव्हर 2016 चं. ‘किंगमेकर’ 2010 चं, हार्डकव्हर 2022 चं. एवढी वर्षं का लागतात, ते यावरून कळेल.

चांगलं संकलन जुन्या चुका दुरुस्त करतं. वॉरहॅमर या खेळाच्या ‘द एनिमी विदिन’चं उदाहरण घ्या. 1986 पासून आलेल्या या कॅम्पेनची सुरुवात लोकांनी डोक्यावर घेतली, शेवट मात्र अनेकांना पटला नव्हता. क्युबिकल सेव्हन या प्रकाशकाने नव्या पाच खंडांत चौथा आणि पाचवा भाग जवळपास नव्यानेच लिहून घेतला. ‘कॉल ऑफ कथुल्हू’ या भयकथांच्या खेळाचं ‘मास्क्स ऑफ न्यारलाथोटेप’ही तसंच. 1984 च्या मूळ पेटीत न्यूयॉर्क, लंडन, कैरो, केनिया आणि शांघाय होतं; केऑसियम या प्रकाशकाच्या 2018 च्या दोन खंडांत पेरूमधली एक नवी सुरुवात जोडली गेली. त्यामुळे गोष्टीला चालना देणारं पात्र, जॅक्सन एलियास, खेळाडूंना आधी भेटतो, आणि पुढे जे घडतं ते त्यांना मनापासून लागतं. ही दोन्ही पुस्तकं आम्ही मागवून देतो आणि बिनदिक्कत सुचवतो.

आता, जे मिळत नाही त्याबद्दल. आमच्या मते सगळ्यात आधी निघायला हवं ते ‘एज ऑफ वर्म्स’. ‘डंजन’ मासिकाच्या 124 ते 135 या बारा अंकांत, 2005-06 मध्ये, ते क्रमशः आलं. डायमंड लेक नावाच्या कळकट खाणगावातून बाहेर पडायला धडपडणारी तरुण माणसं, आणि शेवटी अळ्यांचा देव कायस. पहिल्याच भागात एका प्राचीन थडग्यात अलास्टर लँड या मुलाचं भूत भेटतं. ते खेळाडूंपुढे सौदा ठेवतं : माझी हाडं घरी नेऊन आईवडिलांशेजारी पुरा, मग मी पुढचं दार उघडतो. खेळाडू हाडं घेऊन शेतावर पोहोचतात, तर घरच्यांच्या कबरी कुणीतरी आधीच उकरून नेलेल्या. तिथून माग काढत जायचं ते एका मांत्रिकाच्या जुन्या वेधशाळेपर्यंत. पहिल्या लेव्हलच्या खेळाडूंसाठी इतकी भिडणारी सुरुवात क्वचितच सापडते. ती आज जुन्या मासिकांत विखुरलेली पडली आहे याची आम्हाला खरोखर हळहळ वाटते.

त्याच्या पाठोपाठ ‘सॅव्हेज टाइड’, अंक 139 ते 150. त्याचा शेवटचा भाग आला आणि त्याच अंकाबरोबर छापील मासिकही संपलं.

अडचण हक्कांची आहे. पायझोकडे मासिक होतं ते परवान्यावर. तो परवाना ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे प्रकाशक विझार्ड्स ऑफ द कोस्ट यांनी 2007 मध्ये पुढे वाढवला नाही. कायस, ग्रेहॉक हे काल्पनिक जग आणि आइल ऑफ ड्रेड हे बेट ही सगळी विझार्ड्सची, म्हणजे पर्यायाने त्यांची मालक कंपनी हॅसब्रोची मालमत्ता. पायझोला ते छापता येत नाही, आणि विझार्ड्सला छापायचं तर 3.5 च्या बारा भागांचं आजच्या नियमांत रूपांतर करावं लागेल. परवाना हातात होता तेव्हा 2005 मध्ये पायझोने ‘शॅकल्ड सिटी’चे अकरा भाग, त्यात एक नवं प्रकरण घालून, हार्डकव्हरमध्ये आणले होते. म्हणजे हे होऊ शकतं, हे एकदा सिद्ध झालेलं आहे. विझार्ड्सनेही 2017 आणि 2024 मध्ये जुन्या मोहिमा नव्या नियमांत बसवून दोन संग्रह काढले. मात्र ते सुट्या मोहिमांचे होते, सलग कॅम्पेनचे नव्हेत.

पाथफाइंडरमध्ये आमचं मत 2013 च्या ‘रॅथ ऑफ द राइचस’ला. गोष्ट उत्तम, पण वरच्या लेव्हलला ‘मिथिक’, म्हणजे पात्रांना अतिमानवी ताकद देणाऱ्या, नियमांमुळे खेळाडू इतके बलाढ्य होतात की लढती फुसक्या ठरतात. असलं दुखणं संकलनातच बरं होतं. ‘रेन ऑफ विंटर’ही हवं, निदान पाचव्या भागासाठी तरी, जिथे खेळाडू 1918 च्या सायबेरियात रास्पुतिनसमोर उभे ठाकतात.

तोपर्यंत, तुमच्याकडचे पेपरबॅक भाग आम्ही एकत्र बांधून देतो. त्याआधी एक गोष्ट तपासा. पुस्तक उघडून कण्याच्या वरच्या टोकाकडे पाहा. दुमडलेल्या पानांचे छोटे गठ्ठे दिसले तर ते फर्मे. ते शिवता येतात आणि पुस्तक टेबलावर सपाट उघडतं. सुटी पानं नुसती गोंदात रोवलेली असतील तर बाजूने टोचून शिलाई घालावी लागते. तिला आतल्या समासातली थोडी जागा लागते आणि पुस्तक पूर्ण सपाट उघडत नाही. हे काम एकदा केलं की पूर्ववत करता येत नाही, म्हणून संग्रही ठेवायच्या, दुर्मिळ प्रती बांधायला देऊ नका. सहा भागांची 576 पानं एका कण्यात बसतात, पण डंजन मास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, सारखं मागेपुढे चाळावं लागतं. आम्ही तीन-तीन भागांचे दोन खंड सुचवतो.

भाग देताना क्रम पेन्सिलने पहिल्या पानावर लिहा. घडीचे नकाशे आधी काढून घ्या; हवे असल्यास मागच्या पुठ्ठ्याला आतून कापडी खिसा लावून देऊ. पावसाळ्यात खळ वाळायला वेळ लागतो, त्यामुळे जून ते सप्टेंबरमध्ये दिलेलं काम जरा उशिरा मिळेल.