दुग्धज्वरात ताप किती असतो?

पशुवैद्यकाच्या तोंडी परीक्षेत विचारला जाणारा एक जुना आणि काहीसा खट्याळ प्रश्न असा आहे : दुग्धज्वर झालेल्या गाईला ताप किती असतो? रात्रभर जागून आलेला विद्यार्थी ‘ज्वर’ या शब्दावर विसंबून १०४ किंवा १०५ अंश फॅरनहाइट असे उत्तर देतो आणि परीक्षकांच्या चेहऱ्यावर समाधान पसरते. वस्तुतः व्याल्यानंतर जडणाऱ्या या आजारात ताप नसतोच. शरीराचे तापमान नेहमीच्या १०१.५ अंशांच्या आसपास असते किंवा त्याखाली उतरते, आणि जनावराच्या कानांना हात लावला तर ते गार लागतात.

परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे १८८६ साली सुरू झालेल्या आपल्याकडच्या जुन्या पशुवैद्यकीय संस्थेत, माझी भाची शेवटच्या वर्षाला आहे. परीक्षेआधीच्या उजळणीसाठी ती माझ्याकडे राहायला आली, ती चार रंगांच्या पेनांनी आखलेले तक्ते घेऊनच. रोग, कारण, लक्षणे, उपचार असे रकाने होते आणि ते तिला तोंडपाठ होते. एका पानावर लिहिले होते : दुग्धज्वर, गाय-म्हैस, रक्तातील कॅल्शियम कमी, अंग लुळे पडते. बारा-पंधरा पाने उलटल्यावर दुसरी ओळ होती : एक्लॅम्प्सिया, कुत्री, रक्तातील कॅल्शियम कमी, अंग ताठ होऊन झटके येतात. मी दोन्ही ओळींवर बोट ठेवले आणि विचारले की, कारण एकच असताना लक्षणे एकमेकांच्या उलट कशी? ती काही वेळ दोन्ही पाने मागे-पुढे करत राहिली आणि म्हणाली, “अगं मावशी, हे दोन वेगळ्या धड्यांत आहे ना, एकत्र कधी वाचलंच नाही.” सामान्य पशुवैद्यकाची उजळणी करताना बहुतेकांचे होते ते असे : प्राण्यांनुसार धडे वेगळे पाडले जातात आणि शरीरक्रियाशास्त्र पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या वह्यांबरोबर माळ्यावर जाते.

आधी साधा हिशेब पाहू. सुमारे ६०० किलो वजनाच्या गाईच्या हाडांत सगळे मिळून आठेक किलो कॅल्शियम असते, पण तिच्या रक्तद्रवात कोणत्याही क्षणी जेमतेम ३ ग्रॅम फिरत असते. व्याल्यानंतर येणाऱ्या चिकात लिटरमागे २ ग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. एका वेळच्या धारेत १० लिटर चीक काढला, तर सुमारे २३ ग्रॅम कॅल्शियम बादलीत जाते, म्हणजे रक्तद्रवात असलेल्याच्या सात-आठ पट. बँकेच्या लॉकरमध्ये सोने आहे आणि बसमध्ये कंडक्टरला द्यायला सुटे नाहीत, अशी गाईची त्या दिवशीची अवस्था असते. लॉकर उघडण्याचे काम मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचे संप्रेरक करते. ते मूत्रपिंडांना लघवीतून जाणारे कॅल्शियम अडवायला लावते, ‘ड’ जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप तयार करवून आतड्यातील शोषण वाढवते आणि हाडे विरघळवून साठा मोकळा करते. मूत्रपिंडे लगेच ऐकतात, पण आतड्याला सुमारे एक दिवस आणि हाडांना साधारण दोन दिवस लागतात. भाकड काळात मागणीच नसल्याने ही सारी यंत्रणा सुस्तावलेली असते. त्यामुळे आजार बहुधा व्याल्यापासून पहिल्या दोन-तीन दिवसांत गाठतो, आणि पहिलारू जनावरांपेक्षा तिसऱ्या-चौथ्या वेतानंतरच्या दुधाळ जनावरांत अधिक दिसतो, कारण वयाबरोबर हाडांची उलाढाल मंदावते.

मी हा आजार पहिल्यांदा पाहिला तो उमेदवारीच्या वर्षी, जोगेश्वरीच्या एका तबेल्यात, पहाटेच्या वेळी. चौथ्या वेताची म्हैस आदल्या संध्याकाळी व्याली होती. ती छातीवर बसलेली होती, मान कुशीकडे वळवलेली आणि मानेला इंग्रजी ‘एस’सारखा बाक आलेला. मुस्कट कोरडे पडले होते, बाहुल्या विस्फारलेल्या होत्या, रवंथ थांबला होता आणि रात्रभर शेण पडले नव्हते. मालकाच्या आईने मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढून झाली होती. त्यांचे म्हणणे असे की, काल शेजारच्या तबेल्यातली चार माणसे भरलेली बादली पाहून गेली आणि त्यांची नजर लागली. मला यात नेहमी गंमत वाटत आली आहे, कारण निरीक्षण अगदी अचूक आहे : भरल्या बादलीची म्हैसच पडते, बेताच्या दुधाची सहसा पडत नाही. दोष मात्र बादली पाहणाऱ्यांचा नसून बादलीत गेलेल्या कॅल्शियमचा असतो. दृष्ट काढण्यात जाणारा वेळ अशा वेळी महागात पडतो, आणि त्याहून महागात पडते ते बसलेल्या जनावराच्या तोंडात बाटलीने काहीबाही ओतणे, कारण गिळण्याचे स्नायूही दुबळे झालेले असल्याने ते औषध फुप्फुसात उतरू शकते.

कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची बाटली गरम पाण्याच्या बादलीत ठेवून कोमट केली गेली, सुई मानेच्या शिरेत गेली आणि मला स्टेथोस्कोप कानाला लावून छातीशी बसवण्यात आले. माझ्या वरिष्ठांची सूचना एवढीच होती की, ठोका चुकला की सांग, मी बाटली खाली घेतो. कॅल्शियम घाईने शिरेत सोडले तर हृदय अनियमित होऊन थांबू शकते, म्हणून बाटली किती उंच धरायची हाच त्या वेळी औषधाचा वेग ठरवण्याचा मार्ग होता. आधी दूरवरून आल्यासारखे मंद वाटणारे ठोके हळूहळू जवळ येऊ लागले. मग मांड्यांवर बारीक थरथर आली, म्हशीने मोठा ढेकर दिला, शेण टाकले, आणि अर्ध्या तासाच्या आत ती मागचे पाय आधी सरळ करून उभी राहिली.

आता भाचीला विचारलेल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. शरीराच्या दृष्टीने कॅल्शियम म्हणजे केवळ हाडांचे साहित्य नव्हे, ही गोष्ट पुढे आली ती लंडनमधील एका चुकीमुळे. सिडनी रिंगर हे वैद्य १८८२-८३ च्या सुमारास बेडकाचे हृदय मिठाच्या द्रावणात ठेवून त्याचे ठोके अभ्यासत होते. हृदय छान चालत होते. नंतर लक्षात आले की, ते द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात न बनवता नळाच्या पाण्यात बनवले गेले होते. शुद्ध पाणी वापरताच हृदय मंदावून थांबले. नळाच्या पाण्यातले कॅल्शियम हे त्यामागचे कारण निघाले, आणि आज रुग्णालयात ज्याला सगळे ‘आरएल’ (रिंगर्स लॅक्टेट) म्हणतात त्या सलाइनच्या बाटलीत रिंगर यांचे नाव शिल्लक आहे.

चेता आणि स्नायू यांच्या व्यवहारात कॅल्शियमला दोन स्वतंत्र कामे आहेत, आणि ती दोन वेगळ्या जागी चालतात. पहिले काम चेतातंतूच्या बाहेरच्या अंगाला चालते. तंतूच्या आवरणात सोडियमची दारे असतात, ती उघडली की संदेश धावतो. आवरणाच्या बाहेरील बाजूस ऋण प्रभार असतो आणि दुहेरी धन प्रभाराचे कॅल्शियम आयन तिथे चिकटून राहतात. त्यामुळे ती दारे सहजी उघडत नाहीत, पुरेसा धक्का बसला तरच उघडतात. हे आयन कमी झाले की लहानशा कारणाने, कधी काहीच कारण नसताना, दारे उघडतात आणि तंतू आपणहून संदेश पाठवू लागतो. फ्रँकेनहॉयझर आणि हॉजकिन यांनी १९५७ मध्ये माकूळ माशाच्या जाड चेतातंतूवर हे मोजून दाखवले. या बाजूने पाहिले तर कॅल्शियम घटल्यावर झटकेच यायला हवेत.

दुसरे काम तंतूच्या टोकाशी, जिथे तो स्नायूला भेटतो तिथे चालते. या टोकात अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन इवल्याशा पिशव्यांत भरून ठेवलेले असते. संदेश टोकाशी पोचला की कॅल्शियमची दारे उघडतात, बाहेरचे कॅल्शियम आत शिरते, पिशव्या आवरणाला जोडल्या जाऊन फुटतात आणि रसायन स्नायूवर पडून तो आकुंचन पावतो. बाहेर कॅल्शियमच नसेल, तर संदेश टोकापर्यंत येऊन तिथेच विरतो. बर्नार्ड कॅट्झ यांना १९७० चे नोबेल मिळाले ते याच सांध्यावरील संशोधनाबद्दल. मात्र मला सर्वांत आवडणारा शोध डॉज आणि रहामिमॉफ यांचा, १९६७ चा आहे. बेडकाच्या चेता-स्नायू सांध्यावर, कॅल्शियम कमी असलेल्या द्रावणात, त्यांना असे आढळले की बाहेर पडणारे रसायन कॅल्शियमच्या प्रमाणात बदलत नाही, तर त्याच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलते. म्हणजे कॅल्शियम निम्मे झाले, तर रसायन निम्मे न होता सोळावा हिस्सा उरते. एक पिशवी फुटण्यासाठी बहुधा चार कॅल्शियम आयनांना एकत्र येऊन काम करावे लागते, असा त्याचा अर्थ लावला गेला. हा घात लक्षात ठेवावा, कारण गाय हळूहळू न ढासळता काही तासांत का कोसळते, याचा बराचसा उलगडा त्यात आहे.

तर एकच कमतरता दोन विरुद्ध परिणाम घडवते : चेतातंतू चिडखोर होतो आणि त्याचा निरोप स्नायूपर्यंत पोचवणारा दुवा दुबळा होतो. कोणती बाजू वर येणार हे घसरण किती खोल आहे यावर अवलंबून असते. या सांध्यात गरजेपेक्षा बरेच जास्त रसायन सोडले जाते, त्यामुळे थोडी घट खपून जाते. कुत्रीच्या रक्तातले कॅल्शियम नेहमीच्या १०-११ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरवरून ६-७ वर येते तेव्हा तंतू भडकलेले असतात, पण दुवा शाबूत असतो, म्हणून प्रत्येक चुकीचा निरोप स्नायूपर्यंत पोचतो आणि ती ताठ होते. गाईचे कॅल्शियम ९-१० वरून ५ किंवा त्याहूनही खाली जाते. तिथे शिल्लक संपलेली असते, चेतातंतू कितीही ओरडला तरी स्नायूला ऐकू जात नाही. शिवाय दुग्धज्वरात मॅग्नेशियम अनेकदा थोडे वाढलेले असते आणि तंतूच्या टोकाशी ते कॅल्शियमची वाट अडवते. याचा पडताळाही मिळतो. कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियमही घटलेले असेल, तर गाईलाही झटके येतात. दुग्धज्वराच्या अगदी सुरुवातीला गाय कान फडफडवते, दात खाते, अडखळत चालते. हा तिचा ‘कुत्रीसारखा’ टप्पा असतो, पण तो बहुधा रात्री येऊन जातो आणि सकाळी तबेल्यात दिसते ते बसलेले जनावर.

दादरच्या एका इमारतीत मला बोलावले गेले होते ते पिसाळलेल्या कुत्रीला पाहायला. पाच पिल्लांची आई असलेली छोटी पॉमेरेनियन, पिल्ले तिसऱ्या आठवड्यात, आणि घरच्यांनी घाबरून तिला न्हाणीघरात कोंडलेले. ती चारही पाय ताठ करून थरथरत होती, लाळ गळत होती आणि थर्मामीटरने १०६ अंश दाखवले. स्नायू अखंड आवळत राहिल्याने अंग असे तापते. खरा ताप असतो तो इथे, जिथे आजाराच्या नावात ज्वर नाही. कॅल्शियम ग्लुकोनेट अगदी सावकाश शिरेत दिल्यावर पाय हळूहळू सैल पडले. पिल्लांना दिवसभर बाटलीच्या दुधावर ठेवायला सांगून मी विचारले की, गाभण असताना तिला काही टॉनिक दिले होते का? दिले होते, गाभण असल्याचे कळल्या दिवसापासून, कॅल्शियमचे सिरप, दिवसातून दोनदा.

हे प्रेमापोटी होते आणि नेमके तेच चुकले. गाभणपणात बाहेरून भरपूर कॅल्शियम मिळत राहिले की पॅराथायरॉइड ग्रंथी निवांत होतात, आणि दुधाची मागणी आल्यावर त्यांना जाग यायला उशीर लागतो. गाईचेही तसेच आहे. गाभण जनावरासाठी कॅल्शियमच्या बाटल्या विकणाऱ्या जाहिरातींतली भरल्या कासेची चित्रे सुरेख असतात, पण विण्याआधीच्या आठवड्यांत दिलेले कॅल्शियम दुग्धज्वराला आवतणच देते. त्या काळात कॅल्शियम आणि पोटॅशियमने समृद्ध असलेला लसूणघास आवरता घेतात. पोटॅशियमने रक्त किंचित अल्कधर्मी होते आणि मग पॅराथायरॉइड संप्रेरक पेशींवर नीट पकड घेत नाही, म्हणून अनेक ठिकाणी शेवटचे तीन आठवडे रक्ताला किंचित आम्लतेकडे नेणारे क्षार खुराकात घालतात. विताना आणि व्याल्यावर दिलेले कॅल्शियम ही वेगळी बाब आहे, त्याचा उपयोग होतो.

भाचीला शेवटी मी एक असा उपचार सांगितला जो तिच्या तक्त्यात नव्हता. १८९७ मध्ये डेन्मार्कच्या श्मिट यांनी दुग्धज्वर कासेतल्या कुठल्यातरी विषामुळे होतो असे मानून सडांतून पोटॅशियम आयोडाइडचे द्रावण भरले आणि गाई उठू लागल्या. पुढे कळले की द्रावणाऐवजी नुसती हवा भरली तरी त्या उठतात, आणि कित्येक वर्षे पशुवैद्य गोठ्यात पंप घेऊन जात असत. कॅल्शियमचा संबंध १९२५ च्या सुमारास ड्रायर आणि ग्रेग यांनी मांडला, तेव्हा पंपाचे गुपित उलगडले : फुगलेल्या कासेत दाब वाढून दूध तयार होणे थांबते आणि रक्तातले कॅल्शियम रक्तातच राहते. कारण चुकीचे होते, उपाय बरोबर निघाला. जोगेश्वरीची ती म्हैस उभी राहिल्यावर मालकाचा मुलगा लगेच मोठी बादली घेऊन आला होता, आणि माझ्या वरिष्ठांनी त्याच्या हातातली बादली बाजूला ठेवून त्याला रेडकापुरता, दोनेक लिटर, चीक काढू दिला आणि उरलेला दोन दिवस कासेतच राहू दे म्हणून बजावले.