पर्यावरणपूरक मधुचंद्र

लग्नानंतरची जोडीची पहिली सहल हवा, पाणी, जंगल आणि तिथल्या गावकऱ्यांवर कमीत कमी भार पडेल अशी आखण्याची पद्धत. ‘मधुचंद्र’ हा शब्द इंग्रजीवरून बेतलेला आणि मुख्यतः छापील मजकुरातला. पुण्यात बोलताना सगळे ‘हनिमून’च म्हणतात. नवराबायकोने जोडीने प्रवास करण्याची रीत मात्र परकी नाही. खंडोबा कुलदैवत असलेल्या घरांतली नवी जोडपी हळद उतरायच्या आत जेजुरीला जातात, नवरदेव नवरीला उचलून निदान पाच पायऱ्या चढतो, भंडारा उधळला जातो. जेजुरी पुणे-मिरज रेल्वेमार्गावर आहे. गाडीने जाऊन संध्याकाळी घरी परतता येते, त्यामुळे पर्यावरणाच्या हिशेबात या प्रथेला तोड नाही. फक्त मागे सासूबाई, मामा आणि करवल्या असतात, म्हणून तिला कोणी हनिमून म्हणत नाही.

पुण्यातून बेत आखताना पहिली अडचण मुहूर्तांची. चातुर्मासात लग्ने होत नाहीत आणि सह्याद्री सर्वांत देखणा असतो तो नेमका तेव्हाच. कासच्या पठारावरची फुलेही याच काळातली. लग्ने होतात तुळशीच्या लग्नानंतर. त्यांतली बरीचशी चैत्र-वैशाखात, म्हणजे डोंगरातली गावे पाण्याला तहानलेली असताना. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो, तरी मे महिन्यात आसपासच्या वाड्यांवर टंचाई असते. ज्या वेण्णा तलावात जोडपी नाव वल्हवतात, त्याच तलावातून महाबळेश्वर आणि पाचगणीच्या नळांना पाणी जाते. तेव्हा खोलीत बाथटब आहे का, हा प्रश्न मे महिन्यात तरी चुकीचा आहे. महाबळेश्वर-पाचगणी परिसर 2001 साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला. त्यामुळे बांधकाम आणि वृक्षतोडीवर बंधने आली, गर्दीवर आली नाहीत. जायचेच असेल तर मार्गशीर्षातल्या लग्नानंतर, आठवड्याच्या मधल्या वारी जावे. थंडी असते आणि स्ट्रॉबेरीही.

सहलीचा भार मुख्यतः वाहन आणि अंतर यांवर ठरतो. बांबूचा टूथब्रश बॅगेत टाकून लोहगावहून विमानात बसलेल्या जोडप्याने ब्रशपुरतेच पर्यावरण वाचवलेले असते. त्याच अंतराला रेल्वेचे दरडोई कार्बन उत्सर्जन विमानाच्या तुलनेत कित्येक पटींनी कमी पडते. गोव्याला जाण्यासाठी पुण्यातूनच गोवा एक्सप्रेस मिळते. ती मिरज, बेळगाव, लोंढा करत कॅसलरॉकला घाट उतरते आणि दूधसागर धबधब्याच्या अंगावरून जाते. एसटीचा तर जन्मच पुण्याशी जोडलेला : 1 जून 1948 रोजी पहिली बस पुणे-नगर मार्गावर धावली आणि 1 जून 2022 रोजी याच मार्गावर महामंडळाची ‘शिवाई’ ही विजेवरची बस सुरू झाली. मार्च 2023 पासून राज्यात महिलांना एसटीचे तिकीट निम्मे आहे, म्हणजे स्वारगेटवरून निघणाऱ्या जोडप्याला दीड तिकीट. या खर्चात कोणतेही पॅकेज बसत नाही.

मोटारीपासून पूर्ण सुटका हवी असेल तर माथेरान. 2003 साली तेही संवेदनशील क्षेत्र ठरले. पर्यटकांच्या मोटारी दस्तुरी नाक्यापाशीच थांबतात. पुण्याहून रेल्वेने कर्जत, तिथून लोकलने नेरळ आणि पुढे 1907 साली सुरू झालेली छोटी गाडी. ती पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज (दस्तुरी नाक्याजवळचे स्थानक) या टप्प्यात बंद असते. नाक्यापुढे पायी, घोड्यावर किंवा विजेवरच्या रिक्षाने. लाल माती पहिल्या शंभर पावलांतच बुटांवर आणि नव्या कोऱ्या साडीच्या काठावर बसते आणि दोन धुण्यांत निघत नाही. लोक हातात पाण्याच्या बाटल्या घेऊन चढतात व त्या दरीत टाकतात. राज्यात 2018 पासून प्लास्टिकबंदी आहे, असे तिथल्या दऱ्यांकडे पाहून वाटत नाही.

लांबचे बेत थोडक्यात. भूतानच्या संविधानाने देशाची किमान 60 टक्के जमीन कायम वनाखाली ठेवण्याचे बंधन घातले आहे आणि भारतीय पर्यटकांना तिथे रात्रीमागे 1,200 रुपये विकास शुल्क पडते. सिक्कीमने 2016 साली शेती पूर्ण सेंद्रिय झाल्याचे जाहीर केले. दोन्ही ठिकाणे चांगली, पण पुण्यातून तिथवरच्या विमानाचा हिशेबही त्याच खात्यात मांडावा लागतो. आठवड्यात चार शहरे पाहण्याऐवजी एकाच जागी आठ दिवस राहिले तर तो थोडा सुसह्य होतो.

हॉटेलांच्या हनिमून पॅकेजमध्ये खोलीची सजावट ठरलेली असते : पलंगावर गुलाबपाकळ्यांचा बदाम, टॉवेलचे दोन हंस, फुगे, केक. रात्री पाकळ्या जमिनीवर, सकाळी कचऱ्याच्या पिशवीत. हंसांचे टॉवेल न वापरताच पुन्हा धुलाईला. हे नको असेल तर खोली नोंदवतानाच फोनवर सांगावे लागते, नाहीतर मालक हौसेने करून ठेवतो. घरगुती मुक्कामांत हा प्रकार सहसा नसतो.

असे मुक्काम जिथे रुजले ते गाव म्हणजे मंडणगड तालुक्यातले वेळास. नाना फडणवीसांचे हे मूळ गाव, त्यामुळे पुणेकरांना ओळखीचे. इथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. पूर्वी अंडी चोरली जात. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन ती राखायला सुरुवात केली. घरट्यांतली अंडी कुंपणातल्या खड्ड्यांत हलवतात, वर टोपल्या ठेवतात आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्ले निघतात. हंगाम फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत, म्हणजे लग्नसराईला सोयीचा. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात. पडवीत झोपायचे, मालकीणबाई वाढतील ते जेवायचे, मिळाले तर उकडीचे मोदक. एकांत मात्र बेताचाच. सकाळी आणि संध्याकाळी टोपली उचलतात. खाली पिल्ले असतील तर ती समुद्राकडे सोडली जातात आणि लोक दोरीमागे उभे राहतात. पिल्ले उजेडाच्या दिशेने चालतात, म्हणून मोबाइलच्या फ्लॅशला मनाई आहे. पिल्लांना आगाऊ नोंदणी नसते. कित्येक जोडपी दोन दिवस पहाटे उठून रिकाम्या टोपल्या पाहतात आणि मोदक खाऊन मंडणगडची एसटी धरतात.