चिपमधल्या क्लॉकचा उपद्रव: कुठून होतो, कसा आवरावा
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

रिसीव्हरची संवेदनक्षमता अपेक्षेपेक्षा कमी भरते. एडीसीच्या (ॲनालॉग सिग्नलचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या भागाच्या) स्पेक्ट्रममध्ये नको तिथे स्पर, म्हणजे एकाकी सुळका, दिसतो. एमिशनची (उपकरणातून बाहेर पडणाऱ्या रेडिओ लहरींची) चाचणी नेमक्या एका फ्रिक्वेन्सीवर हुकते. अशा तक्रारी आल्या की पहिला संशय क्लॉकवर, म्हणजे चिपचे काम तालात चालवणाऱ्या ठोक्यांच्या सिग्नलवर, घ्यावा. डेटा लाइन कधी बदलते, कधी बदलत नाही, त्यामुळे तिची ऊर्जा पसरलेली असते. क्लॉक मात्र प्रत्येक चक्रात न चुकता वर-खाली होतो आणि त्याची ऊर्जा मूळ फ्रिक्वेन्सी व तिच्या पटींवर, म्हणजे हार्मोनिकांवर, एकवटते.

आमचा आग्रह एवढाच, की या प्रश्नाचा विचार स्पेसिफिकेशन लिहितानाच व्हावा. कागदावर क्लॉक बदलायला खर्च नाही. टेपआउटनंतर, म्हणजे आराखडा कारखान्याला दिल्यावर, तोच बदल करायचा तर मास्क (चिप छापण्याचे साचे) पुन्हा बनवावे लागतात.

फ्रिक्वेन्सी निवडताना

समजा आपल्या चिपशेजारी जीपीएस रिसीव्हर आहे. जीपीएसचा एल१ सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झवर असतो आणि अँटेनापाशी तो सुमारे −१३० डीबीएम इतका क्षीण असतो. २५ मेगाहर्ट्झचा क्लॉक घेतला तर त्याचा ६३वा हार्मोनिक १५७५ मेगाहर्ट्झवर पडतो, सिग्नलपासून जेमतेम ०.४२ मेगाहर्ट्झवर. २४ मेगाहर्ट्झ घेतला तर ६५वा १५६० वर आणि ६६वा १५८४ वर जातो, दोन्ही बाजूंना ८ मेगाहर्ट्झपेक्षा जास्त मोकळी जागा मिळते. पण इथेच थांबू नये. हाच २४ चा क्लॉक आत ८ ने भागून ३ मेगाहर्ट्झ केला, तर त्याचा ५२५वा हार्मोनिक पुन्हा १५७५ वर येतो. तो बराच कमजोर असतो, तरी हार्मोनिकांच्या तक्त्यात त्याची नोंद हवी. म्हणून तक्ता करताना फक्त क्रिस्टल नव्हे, तर भागलेले सगळे क्लॉक, पीएलएलचा (एका क्लॉकपासून दुसरी फ्रिक्वेन्सी बनवणाऱ्या सर्किटचा) रेफरन्स आणि स्विचिंग रेग्युलेटरची फ्रिक्वेन्सीही धरावी.

ड्यूटी सायकल (चक्रातला क्लॉक वर असण्याचा वाटा) काटेकोर ५० टक्के आणि राइज-फॉल (चढायला-उतरायला लागणारा वेळ) सारखे असतील तर सम हार्मोनिक दबतात. विषमांवर याचा काही परिणाम नाही. वरच्या उदाहरणातला ६३वा विषमच आहे, तेव्हा तिथे फ्रिक्वेन्सी बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

एज गरजेपुरतीच तीव्र ठेवा

एज म्हणजे क्लॉकचा चढ किंवा उतार. क्लॉकचे हार्मोनिक सुरुवातीला दर दशकाला, म्हणजे फ्रिक्वेन्सी दहापट होताना, २० डेसिबलने उतरतात. ०.३२ ला राइज टाइमने भागल्यावर येणाऱ्या फ्रिक्वेन्सीनंतर ते ४० डेसिबलने उतरू लागतात. राइज टाइम १ नॅनोसेकंद असेल तर हे वळण ३२० मेगाहर्ट्झच्या आसपास येते, पाव नॅनोसेकंद असेल तर ते १२८० पर्यंत सरकते. टायमिंग १ नॅनोसेकंदात भागत असताना सर्वांत दणकट बफर (क्लॉक पुढे ढकलणारे सर्किट) लावणे म्हणजे उच्च फ्रिक्वेन्सीवरचा उपद्रव स्वतःहून ओढवून घेणे आहे.

सर्वाधिक त्रास आउटपुट पॅड (चिपच्या कडेच्या जोडणीच्या जागा) देतात. ५ मिलिमीटरच्या बाँड वायरला (पॅड पिनेला जोडणाऱ्या तारेला) साधारण ५ नॅनोहेन्री इंडक्टन्स असतो. तिच्यातून ५० मिलिअँपियर अर्ध्या नॅनोसेकंदात बदलले तर चिपचे ग्राउंड अर्ध्या व्होल्टने उसळते. त्यामुळे क्लॉक आउटपुटला स्ल्यू कंट्रोल (एजचा वेग आवरण्याची सोय) असलेला पॅड घ्यावा आणि ग्राउंडसाठी एकाऐवजी तीन-चार पिना द्याव्यात.

मात्र अतिरेक नको. फार संथ एजवर पुरवठ्यातला आवाज (नॉइज) थेट जिटर, म्हणजे एजच्या वेळेतली थरथर, बनतो, शिवाय बफरचे दोन्ही ट्रान्झिस्टर एकाच वेळी जास्त काळ चालू राहून करंट वाया जातो.

सगळे फ्लॉप एकाच क्षणी नकोत

क्लॉक ट्रीतला (क्लॉक चिपभर वाटणाऱ्या जाळ्यातला) स्क्यू, म्हणजे क्लॉक पोहोचण्याच्या वेळेतला फरक, शून्यावर आणला की हजारो फ्लॉप (एकेक बिट साठवणारे घटक) एकदम करंट ओढतात. ब्लॉकनिहाय १०० ते २०० पिकोसेकंदांचा फरक मुद्दाम ठेवला तर करंटचे शिखर बसते. यात जपायचे ते होल्ड टायमिंग, म्हणजे एजनंतर डेटा स्थिर राहण्याचा वेळ. सेटअप (एजआधी डेटा स्थिर असण्याचा वेळ) चुकला तर क्लॉक हळू करून चिप वापरता येते, होल्ड चुकला तर तीही सोय राहत नाही.

ऑन-चिप डीकॅप (पुरवठा स्थिर ठेवणारे कपॅसिटर) बफरांच्या जवळच हवेत. पण पॅकेजच्या इंडक्टन्सशी त्यांचा रेझोनन्स होतो: १ नॅनोहेन्री आणि १ नॅनोफॅराड म्हणजे सुमारे १५९ मेगाहर्ट्झ. आपला क्लॉक त्याच्या आसपास असेल तर डीकॅपची किंमत बदलावी किंवा मालिकेत थोडा रेझिस्टन्स घालावा.

वायर आणि सबस्ट्रेट (चिपखालचे सिलिकॉन)

मुख्य क्लॉक वायरला दुप्पट रुंदी, दुप्पट अंतर आणि दोन्ही अंगांना ग्राउंडचे शील्ड द्यावे. शील्ड ठिकठिकाणी व्हायाने (थरांमधल्या उभ्या जोडणीने) ग्राउंडच्या जाळीला जोडलेले हवे. एकाच टोकाला जोडलेले किंवा कुठेच न जोडलेले शील्ड उलट क्लॉक पुढे पोहोचवते.

ॲनालॉग भागाभोवतीची गार्ड रिंग (आवाज अडवणारे कडे) आमच्याकडे आलेल्या लेआउटमध्ये आम्ही सर्वांत आधी तपासतो. ती डिजिटल ग्राउंडला जोडलेली असेल तर डिजिटलचा आवाज ती आणून नेमका ॲनालॉगच्या दारात सोडते. तिला स्वतःची वायर आणि स्वतःचा पॅड हवा. एपी वेफरवर, जिथे खालचा थर चांगला वाहक असतो, तिथे आवाज रिंगच्या खालून जातो आणि रिंग रुंद करून फारसा फायदा होत नाही. अशा वेळी चिपची मागची बाजू ग्राउंडला नीट जोडणे जास्त उपयोगी. डीप एन-वेल (सर्किटला सबस्ट्रेटपासून वेगळे करणारा खोल थर) कमी फ्रिक्वेन्सीला उत्तम, पण वरच्या फ्रिक्वेन्सीला तिच्या जंक्शन कपॅसिटन्समधून आवाज पलीकडे जातोच.

एडीसी असेल तर सॅम्पलिंगचा क्षण डिजिटल एजच्या आधी, शांत वेळेत ठेवावा. सॅम्पलिंग क्लॉकला फक्त १० पिकोसेकंद आरएमएस जिटर असला, तरी १० मेगाहर्ट्झच्या इनपुटवर एसएनआर (सिग्नल आणि आवाज यांचे गुणोत्तर) ६४ डेसिबलच्या वर जाऊ शकत नाही, मग एडीसी १६ बिटांचा का असेना.

स्प्रेड स्पेक्ट्रमविषयी

पीसीआय एक्स्प्रेसमध्ये वापरतात तसा क्लॉक ०.५ टक्क्यापर्यंत खाली, ३० ते ३३ किलोहर्ट्झच्या दराने झुलवला तर एमिशनची शिखरे खाली येतात. एकूण ऊर्जा तेवढीच राहते, ती फक्त पसरते. ०.५ टक्के म्हणजे ५००० पीपीएम (दहा लाखांत ५०००). यूएसबी २.० हाय-स्पीडला ५०० पीपीएमच चालतात, त्यामुळे हा क्लॉक तिथे देऊ नये. एडीसीला तर मुळीच नको.

चिप हातात आल्यावर गुन्हेगार ओळखणे

सिग्नल जनरेटरने क्लॉक १० किलोहर्ट्झने सरकवा आणि स्पेक्ट्रम ॲनालायझरवर स्पर पाहा. स्पर ६३० किलोहर्ट्झ सरकला तर तो त्या क्लॉकचा ६३वा हार्मोनिक. जागचा हलला नाही तर उगम दुसरीकडे आहे. मग एकेका ब्लॉकचे क्लॉक गेट बंद करून, कोणत्या ब्लॉकबरोबर स्पर उतरतो ते नोंदवा.

आम्हाला पाठवायची माहिती

सर्व क्लॉक फ्रिक्वेन्सी व त्यांचे भागाकार, शेजारच्या रिसीव्हरांचे बँड, पॅकेजचा प्रकार व पिनांची मांडणी, वेफरचा सबस्ट्रेट, एडीसीचा अपेक्षित एसएनआर आणि प्रत्येक आउटपुट पॅडवरचा लोड. चिप तयार असेल तर स्पेक्ट्रमचे चित्र रिझोल्यूशन बँडविड्थसह (ॲनालायझर एका वेळी मोजतो त्या पट्ट्याच्या रुंदीसह) पाठवावे, कारण त्या आकड्याशिवाय स्प्रेड केलेल्या क्लॉकची शिखरे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.